‘लिपस्टिक’ : एका उसन्या शब्दाचा मराठीतील संसार

शब्दांच्या अभ्यासात महानुभाव गद्यातील एखाद्या दुर्बोध पदाला जी प्रतिष्ठा लाभते, ती आठवडी बाजारातील बांगड्या-टिकल्यांच्या पालावर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या वाट्याला सहसा येत नाही. यवतमाळच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमाने या गावात जुन्या पोथ्यांच्या संशोधनाची परंपरा रुजविली. तिचे ऋण आम्हा सर्वांवर आहे. मात्र त्या ऋणाच्या भारामुळे पोथीबाहेरच्या शब्दांकडे आमचे काहीसे दुर्लक्ष झाले, हेही मान्य करावयास हवे. प्रस्तुत लेखात ‘लिपस्टिक’ या शब्दाचा विचार करावयाचा आहे. विषय हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठीत ओठांच्या रंगाला आधीपासून नावे असताना हा परका शब्द का स्थिरावला, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की भाषेबरोबर समाजाच्याही काही बंद दारांपाशी येऊन थांबावे लागते.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय शब्दांचे वर्गीकरण शिकवीत असता एका विद्यार्थिनीने ‘लिपिस्टिक’ हा शब्द मराठी शब्दांच्या रकान्यात लिहिला होता. कारण विचारता ती म्हणाली, “मॅडम, घर लिपतात तसे ओठ लिपायचे, म्हून लिपिस्टिक.” वर्ग हसला. प्रस्तुत लेखिकेनेही ते उत्तर चूक ठरवून फळ्यावर पुढचा शब्द घेतला. आज मात्र ते इतक्या घाईने निकालात काढावयास नको होते, असे वाटते.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते उत्तर चूकच होते. मराठीतील ‘लिपणे’, ‘लिंपणे’ हे संस्कृत ‘लिप्’ या धातूपासून आलेले. ‘लेप’ आणि ‘लिपी’ हे शब्दही त्याच धातूची अपत्ये. इंग्रजीतील ओठवाचक ‘लिप’ या कुळातला नव्हे. त्याचे नाते लॅटिन ‘लाबिउम’शी आहे, आणि फारसी ‘लब’ हाही त्याचाच सोयरा मानला जातो. हा ‘लब’ आपल्या ‘लबालब’ या शब्दात आहे. भांडे ओठापर्यंत, म्हणजे काठापर्यंत भरले की ते लबालब भरते. तेव्हा ‘लिपस्टिक’ला मराठीत नातेवाईक शोधावयाचाच असेल, तर तो सारवलेल्या अंगणात न सापडता काठोकाठ भरलेल्या घागरीत सापडेल. तथापि लोकव्युत्पत्ती चूक असली तरी निरर्थक नसते. परका शब्द आपलासा करताना बोलणाऱ्यांनी त्याला कोणत्या खुंटीला टांगले, हे ती सांगते. त्या मुलीच्या दृष्टीने ओठांना रंग लावणे ही लिपण्याची, म्हणजे रोजच्या बाईपणाच्या कामातली एक क्रिया होती. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

आधी मराठीपाशी काय होते ते पाहू. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची दिनचर्या वर्णिली आहे. सकाळी उठून दंतधावन, उटणे, धूप, माला यांनंतर तो सिक्थक आणि अलक्तक यांचा उपयोग करतो, आरशात मुख पाहतो, तांबूल घेतो आणि मग आपल्या कामाला लागतो. सिक्थक म्हणजे मेण, आणि अलक्तक म्हणजे लाखेचा तांबडा रंग. ‘जयमंगला’ या टीकेत यशोधराने विधी अधिक उलगडून सांगितला आहे : किंचित ओल्या अलक्तकाच्या गोळीने ओठ घासावा, तांबूल घ्यावा, आणि नंतर मेणाची गुटी फिरवावी. आजच्या लिपस्टिकची घडण पाहिली तर तिच्यातही मेण, तेल (त्यात आपले एरंडेल प्रमुख) आणि रंगद्रव्य एवढेच मुख्य घटक असतात. म्हणजे वस्तूचे सूत्र येथे दीड हजार वर्षांपूर्वीच परिचित होते. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. हा नागरक पुरुष आहे. ओठ रंगविणे ही केवळ स्त्रीची गोष्ट, हा समज त्या काळाला ठाऊक नसावा.

अमरकोशात लाक्षा, राक्षा, जतु, याव, अलक्त आणि द्रुमामय असे पर्याय एकत्र दिले आहेत. द्रुमामय म्हणजे झाडाचा रोग. पळस, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर सूक्ष्म कीटकांनी निर्माण केलेले ते राळेसारखे कवच म्हणजे लाख, हे निरीक्षण त्या एका नावात साठविले आहे. विदर्भातील वाचकाला पळस दाखवावा लागत नाही. ‘लाक्षा’वरून प्राकृतातून ‘लाख’ आली, ‘अलक्तक’वरून ‘अळता’ आला. परंतु मराठीत येईपर्यंत अळत्याची जागा बदलली. तो ओठांवरून उतरून पावलांवर स्थिरावला. देवीची पावले, नवरीची पावले, सवाशिणीची पावले हे त्याचे क्षेत्र झाले. बंगाल-ओरिसात ‘आलता’ आजही पायांवर जिवंत आहे; आमच्याकडे तो बव्हंशी जुन्या काव्यात उरला.

मग मराठी स्त्रीच्या ओठांना रंग कशाने येई? विड्याने. चुना, कात, सुपारी आणि पान यांच्या संयोगात चुन्याच्या क्षारधर्मामुळे काताचा व सुपारीचा तुरट अंश लाल होतो. त्याने जीभ रंगते, ओठ रंगतात. मराठी भाषेने या घटनेसाठी जो शब्द योजला तो फार सूचक आहे. विडा ‘रंगतो’. ओठ रंगवितात असे म्हणत नाहीत; विडा खाल्ला की ते रंगतात. क्रियापद अकर्मक आहे. रंग हे फळ आहे, हेतू नव्हे. निदान तसे मानण्याची सोय भाषेने ठेवली आहे. विडा जितका रंगेल तितके नवऱ्याचे प्रेम अधिक, ही समजूत याच अकर्मक क्रियापदावर उभी आहे. लीळाचरित्रातील तांबूलापासून लावणीतील गोविंदविड्यापर्यंत आणि लग्नातील विडा तोडण्याच्या विधीपर्यंत विड्याचा मराठी संसार मोठा आहे. पैज स्वीकारणेही आम्ही ‘विडा उचलणे’ याच शब्दांत सांगतो. जुन्या काळी दातवण लावून दात काळे करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे काळ्या दातांवर रंगलेल्या त्या ओठांचे सौंदर्य आजच्या डोळ्यांना कल्पनेनेच पाहावे लागेल.

आणि तिसरा शब्द ‘लाली’. ‘लाल’ फारसीतून आला, ‘लाली’ त्याचे भाववाचक रूप. उषेची लाली, गालांवरची लाली हा या शब्दाचा निर्दोष अर्थ. परंतु वस्तू म्हणून लाली प्रथम रंगमंचावर भेटते. तमाशाच्या कनातीत मुर्दाडशिंग, हिंगूळ आणि काजळ यांच्या पंक्तीत ती बसली. ‘लाली-पावडर’ हा जोडशब्द मराठीत कधीही कौतुकाने उच्चारला गेल्याचे आढळत नाही. ‘नट्टापट्टा’, ‘नटवी’ हे शब्द ज्या घरातले, त्याच घरातला हाही. नटणे आणि नट यांचा संबंध भाषेने तोडू दिलेला नाही.

आता या पार्श्वभूमीवर नवी वस्तू येते. मेणात घोटलेला रंग कांडीच्या आकारात विकण्यास युरोपात एकोणिसाव्या शतकात प्रारंभ झाला. ‘लिपस्टिक’ हा इंग्रजी शब्द १८८० च्या सुमारास नोंदलेला सापडतो. तळ फिरवून कांडी वर आणण्याच्या नळीचे पेटंट अमेरिकेत १९२३ साली घेतले गेले; तेव्हापासून ही वस्तू पर्सेत मावू लागली. तिला नाव देताना निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी अंगे पकडली. फ्रेंचांनी रंग पाहिला आणि ‘रूज आ लेव्र’, ओठांचा लाल, असे म्हटले. इटालियन ‘रोस्सेत्तो’तही तांबडेपणाच आहे. फ्रेंच ‘रूज’च पुढे तुर्की आणि हंगेरियन भाषांत या वस्तूचे नाव होऊन बसला. चिनी ‘कौहोंग’ आणि जपानी ‘कुचिबेनी’ यांचाही अर्थ मुखाचा लाल रंग. अरबी ‘अहमर शिफाह’ तसाच. दुसऱ्या काही भाषांनी आकार पाहिला : जर्मन ‘लिपेनश्टिफ्ट’ म्हणजे ओठांची लेखणी, स्पॅनिश ‘लापिस लाबियाल’ म्हणजे ओठांची पेन्सिल, आणि पोर्तुगीज ‘बातोम’ हे तर फ्रेंचमधील काठीवाचक ‘बातों’चे रूपांतर. रशियनांनी द्रव्य पाहिले आणि ओठांचे मलम या अर्थी ‘गुब्नाया पोमादा’ म्हटले. इराणात ‘रोझ-ए-लब’ आहे, आणि त्याच्या जोडीला फ्रेंच ‘कॉस्मेतिक’चे शेपूट तेवढे राखलेले ‘मातीक’ही आहे. पूर्ण शब्द परका वाटला म्हणून त्याचा अर्धा भाग आपला करावा, ही युक्ती आमच्या ‘टेशन’ म्हणणाऱ्या माणसाला सहज कळेल.

मराठीला पगार, चावी, इस्त्री, बटाटा देणाऱ्या पोर्तुगीजांनी ‘बातोम’ मात्र दिला नाही. कारण साधे आहे. ते शब्द वस्तूंबरोबर पूर्वीच आले होते. ही वस्तू विसाव्या शतकात मुंबईच्या इंग्रजी बाजारातून आली आणि आपले नाव वेष्टनावर छापूनच आली. पैनगंगेच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे आदिलाबादेत तेलुगू; नदीने भाषा बदलते, या शब्दात बदल होत नाही. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि कोलामी बोलणारा समाज आहे. आठवडी बाजारात या सर्वांच्या समोर वस्तू एका नावाने मांडली जाते, कारण विकणाऱ्याला एकच नाव पुरते.

येथे आणखी एक प्रवास सांगावयास हवा. तो या विषयाच्या अभ्यासात आम्हाला सर्वाधिक विस्मयकारक वाटला. लिपस्टिकच्या खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तीत रंगाच्या नावापुढे पुष्कळदा ‘लेक’ असा शब्द दिसतो. उदाहरणार्थ ‘रेड ७ लेक’. इंग्रजी शिकलेला वाचक येथे तळे समजून बुचकळ्यात पडतो. हा ‘लेक’ तळे नव्हे. रंग एखाद्या खनिज द्रव्यावर बसवून जे न विरघळणारे रंगद्रव्य तयार करतात, त्याचे ते नाव, आणि त्याचे मूळ फ्रेंच ‘लाक’, मध्ययुगीन लॅटिन ‘लाक्का’, अरबी ‘लक्क’, फारसी ‘लाक’ अशा पायऱ्यांनी आमच्या ‘लाक्षे’पर्यंत येते. नखरंगाला इंग्रजीत ‘लॅकर’ म्हणतात तेही याच वंशातले. लाल रंगाचे दुसरे द्रव्य ‘कार्माइन’. ते मिळते निवडुंगावरील किड्यापासून, पण त्याच्या नावात अरबी ‘किर्मिझ’ आहे, आणि त्याच्या मागे फारसी ‘किर्म’, म्हणजेच संस्कृतातील ‘कृमी’चा भाऊ. मराठीत हाच ‘किरमिजी’ म्हणून स्वतंत्रपणे नांदतो आहे. १९५२ साली टाटांनी काढलेल्या प्रसाधन-उद्योगाचे ‘लॅक्मे’ हे नावही असेच फिरून आलेले : १८८३ साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या एका संगीतिकेच्या हिंदू नायिकेचे ते नाव, आणि ते फ्रेंच उच्चारातले आमच्या ‘लक्ष्मी’चे रूप. म्हणजे यवतमाळच्या दुकानातून घेतलेल्या एका खोक्यावर समोर लक्ष्मी आणि मागे लाक्षा असू शकते, आणि घेणारीला दोघींचीही ओळख पटत नाही.

असे असता ‘परकीय शब्द’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. ‘ओष्ठशलाका’, ‘ओष्ठरंजक’ असे संस्कृतप्रचुर पर्याय अधूनमधून छापून येतात. तमिळमध्ये ‘उदट्टुच्चायम्’, ओठांचा रंग, असा शब्द आहे आणि तो निदान सुगम आहे. ‘ओष्ठशलाका’ ही तर इंग्रजी समासाची अक्षरशः छाया. शलाका म्हटल्यावर नेत्रवैद्यकाची आठवण व्हावी आणि डोळ्यांत पाणी यावे! भाषाशुद्धीच्या चळवळीने दिलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द रुजले, कारण त्यांना कचेरी होती, छापील नमुना होता, पाटी होती. लिपस्टिकला कचेरी नाही. तिचा सारा व्यवहार दुकानदार, मैत्रीण, बहीण यांच्यात तोंडी चालतो, आणि तेथे परिभाषा कोशाचे काही चालत नाही.

बोलीने मात्र या शब्दावर आपले काम केले आहे. ‘लिपस्टिक’मधील ‘प’ आणि ‘स्ट’ यांच्या लागोपाठ आलेल्या व्यंजनांत वऱ्हाडी जीभ एक ‘इ’ घालते : ‘लिपिस्टिक’. ग्लासचा ‘गिलास’ करणारी हीच प्रवृत्ती. दोन्ही बाजूंना ‘इ’ असल्यामुळे येथे तीच येणे स्वाभाविक होते. लिंग स्त्रीलिंगी ठरले. ते कांडी, पेन्सिल यांच्या सादृश्याने ठरले की ‘लाली’च्या, हे सांगणे कठीण आहे, आमचा कौल लालीकडे आहे, कारण नवा शब्द जिच्या जागी बसतो तिचे लिंग बहुधा घेतो. वर्गातील त्या मुलीने ‘लिपिस्टिक’ असे लिहिले होते. त्या रूपात ‘लिपणे’ ऐकू येते. प्रमाण रूपात ते येत नाही.

परंतु जुने तीन शब्द असताना हा चौथा का लागला, हा मूळ प्रश्न उरतोच. आमच्या मते त्याचे उत्तर शब्दांच्या सोवळे-ओवळ्यात आहे. अळता आणि विडा हे सौभाग्याचे शब्द. धर्मशास्त्राने यती, ब्रह्मचारी आणि विधवा यांना तांबूल वर्ज्य सांगितला. म्हणजे रंगलेला ओठ हा नवऱ्याच्या आयुष्याशी बांधलेला होता. लाली हा रंगमंचाचा, म्हणून घरंदाजपणाबाहेरचा शब्द. एक शब्द पतीशिवाय वापरता येत नाही, दुसरा अब्रूसह वापरता येत नाही. ज्या स्त्रीला केवळ स्वतःच्या ओठांना रंग लावावयाचा आहे, तिच्यासाठी मराठीत शब्दच नव्हता. ‘लिपस्टिक’ हा शब्द आला तेव्हा तो या सर्व विधिनिषेधांपासून रिकामा होता. तो रिकामा होता म्हणूनच चालला.

हा रिकामेपणा फार काळ टिकला असे मात्र नाही. २००८ साली मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर राज्यकर्त्यांचा निषेध करणाऱ्या स्त्रियांची एका राष्ट्रीय पक्षाच्या नेत्याने ‘लिपस्टिक-पावडर’ लावणाऱ्या म्हणून संभावना केली. ‘लाली-पावडर’मधील तुच्छता नव्या शब्दात जशीच्या तशी ओतली गेली होती. तथापि एक दार अद्याप उघडे आहे. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो अनुकरणीय म्हणून कळविला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध तो होता. स्त्रीकडून काढून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या या यादीत लिपस्टिक नाही. ती कोणी दिलीच नव्हती, म्हणून कोणी काढून घेत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, आणि जेथे २०१९ च्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन अशाच एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले, त्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. प्रस्तुत लेखिकेची एक मावशी दिग्रसकडची. तरुणपणी वैधव्य आले. तेव्हापासून तिने विडा खाल्ला नाही. जेवणानंतर सुपारीचे नुसते खांड तोंडात टाकी, पान नाही, कात नाही. भाचीच्या लग्नात मुलींनी तिला धरून बसविले आणि ओठांवर फिकट रंग फिरविला. ती नको नको म्हणत होती, पण ओठ मिटून घेतले नाहीत. मांडवात एका वृद्ध नातलग बाईंनी पाहिले आणि विचारले, “लाली कायले लावली वं?” मावशीचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “लाली नाई आजी, लिपस्टिक हाये.” आजीबाई क्षणभर थांबल्या. लालीविषयी त्यांच्यापाशी नियम होता, विड्याविषयी होता. या शब्दाविषयी नव्हता. “असं काय,” एवढे म्हणून त्या पंगतीकडे गेल्या.

शब्दकोशांत ‘लाली’ आणि ‘लिपस्टिक’ हे एकमेकांचे पर्याय म्हणून दिले तर या प्रसंगातील मुलीचे वाक्य निरर्थक ठरते. वस्तू एकच होती, तरी तिने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, आणि आजींनीही ते खोटे मानले नाही. वऱ्हाडी बोलीचा कोश करणाऱ्याने या दोन शब्दांच्या नोंदी स्वतंत्र कराव्यात, ‘लिपिस्टिक’ हे रूप चूक म्हणून न वगळता मुख्य नोंद म्हणून घ्यावे, आणि ‘लिपणे’शी त्याचे लोकांनी जोडलेले नाते कंसात का होईना नोंदवावे. वर्गातील त्या विद्यार्थिनीच्या वहीत तो शब्द लाल शाईने खोडला होता. ती वही आता मिळणे शक्य नाही.